मेरी आणि विल्यम वानलेस : कोल्हापूर मिशनच्या रुग्णसेवेचा इतिहास

कोल्हापूरच्या मेरी वानलेस हॉस्पिटलला ज्यांचे नाव दिले आहे त्या मेरीबाई डॉक्टर नव्हत्या आणि त्यांचा संसारही कोल्हापुरात झाला नाही. मेरी एलिझाबेथ मार्शल या १८८९ च्या अखेरीस पती डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांच्याबरोबर हिंदुस्थानात आल्या, आधी सांगलीत आणि मग मिरजेत राहिल्या आणि १९०६ साली निवर्तल्या. या सोळा-सतरा वर्षांत मिरजेचे मिशन रुग्णालय उभे राहिले, त्याला जोडून वैद्यकशाळा निघाली, कुष्ठरोग्यांना आसरा मिळाला. याच वर्षांत दोन मोठे दुष्काळ आणि प्लेगची साथ मुलखावरून गेली. संस्थेवर लोकांचा विश्वास बसला तो साथीच्या त्या दिवसांत, आणि तो मिळवण्यात दोघांचाही वाटा होता. जुन्या अहवालांत मात्र बहुतेक पानांवर डॉक्टरांचेच काम येते. मेरीबाईंचा उल्लेख ‘मिसेस वानलेस’ एवढाच.

मिशनचे मूळ कोल्हापुरात आहे. रॉयल गुल्ड वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा हे अमेरिकन दांपत्य १८४६ मध्ये अहमदनगरच्या मिशनमध्ये दाखल झाले आणि १८५२ मध्ये कोल्हापुरास येऊन राहिले. शहरात त्यांना विरोध झाला. परधर्माचा उपदेशक करवीरक्षेत्री बिऱ्हाड थाटतो, हे अनेकांच्या पचनी पडणारे नव्हते. वाइल्डर दांपत्याने शाळांवर भर दिला. मुलांबरोबर मुलींनाही शिकवायला घेतले. मधली काही वर्षे कोणत्याही मंडळाच्या आधाराशिवाय काढल्यावर १८७० मध्ये हे मिशन अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. १८७५ मध्ये वाइल्डर मायदेशी परतले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला होता. अमेरिकेतील विद्यापीठांमधून हजारो तरुणांना मिशनकार्याकडे वळवणारी विद्यार्थी चळवळ १८८६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या अग्रभागी तो होता. रॉयल वाइल्डर १८८७ मध्ये वारले, आणि त्यानंतर एलायझाबाई आपली मुलगी ग्रेस हिच्यासह पुन्हा याच मुलखात कामाला आल्या. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च या घराण्याची आठवण आहे.

वाइल्डर आले ती वर्षे पटकीची होती. एकोणिसाव्या शतकातील पटकीची तिसरी जागतिक साथ तेव्हा जोरात होती. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, हा लोकांचा उपाय. मिशनऱ्यांकडे त्याहून फार काही होते असे नाही. औषधांची एक पेटी आणि पुस्तकातून मिळवलेली जुजबी माहिती, यावर त्या काळच्या बहुतेक मिशनघरांचा दवाखाना चाले. पटकीने अंगातले पाणी आणि क्षार जातात आणि ते भरून काढले तर माणूस वाचतो, ही गोष्ट वैद्यकाच्या हातात यायला पुढे बराच काळ जायचा होता. पुढे १८८० च्या दशकात संस्थानाने कोल्हापुरात अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल बांधले, तेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे लोकांचे सीपीआर. पण शहराबाहेर, पंचगंगा-कृष्णेच्या खोऱ्यातल्या गावांना वैद्य, हकीम आणि देवऋषी यांच्यापलीकडे कोणी नव्हते. आपल्या मिशनला शिकलेला डॉक्टर हवा, ही मागणी यातून आली.

विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातले, जन्म १ मे १८६५ चा. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि त्याच वर्षी, १८८९ मध्ये, मेरी मार्शल यांच्याशी लग्न करून ते बोटीत बसले. मेरीबाईंना रुग्णशुश्रूषेची माहिती होती. नेमणूक सांगलीची. मराठी शिकायची आणि त्याचबरोबर दवाखाना चालवायचा, असा सुरुवातीचा काळ गेला. शस्त्रक्रियेची सोय नव्हती, रोग्यांना ठेवून घ्यायला जागा नव्हती. काही काळातच दोघे मिरजेस गेले.

मिरजेची निवड रुग्णालयाच्या पुढच्या इतिहासाला फार महत्त्वाची ठरली. पुण्याहून बेळगावकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वे मिरजेवरून जात होती आणि १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर फाटा सुरू झाला. त्यामुळे कोल्हापूर, सातारा, बेळगाव, धारवाड अशा चारी अंगांनी रोगी येऊ शकत. मिरज संस्थान पटवर्धनांचे. संस्थानाने जागा दिली. इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स यांनी दिला. आगगाडीची इंजिने बांधणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे ते भागीदार होते. १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले.

या रुग्णालयाचे नाव पसरवले ते मोतीबिंदूच्या रोग्यांनी. नातवाने काठीचे पुढचे टोक धरायचे, मागचे टोक आजोबांच्या हातात, अशी जोडी स्टेशनवरून चालत यायची. मोतीबिंदू पडलेला डोळा उघडून भिंग बाहेर काढायचे, पट्टी बांधून काही दिवस उताणे निजवायचे, आणि मग पट्टी सोडायची. गावी परतलेला म्हातारा काठी बगलेत मारून चालू लागला की त्या गावातून पुढच्या बाजाराच्या दिवशी आणखी चौघे निघत. छापील जाहिरातीची गरज पडली नाही. वानलेस यांनी आपल्या कारकिर्दीत अशा हजारो शस्त्रक्रिया केल्या. मूतखडे, गाठी, जुनी हाडमोड यांचे रोगीही येत, पण लोकांच्या तोंडी ‘डोळे देणारा डॉक्टर’ हीच ओळख अधिक टिकली असावी.

रोगी एकटा येत नसे. त्याच्याबरोबर घरचे दोघे-तिघे, शिधा, भांडी, कधी शेरडूही असे. दुसऱ्या जातीच्या हातचे अन्न न चालणाऱ्या त्या काळात रुग्णालयाच्या आवारात तीन दगडांची चूल मांडून ज्याचा तो स्वयंपाक करी. सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या ओसरीवर प्रार्थना आणि बायबलचे वाचन होई, मग चिठ्ठ्या वाटल्या जात. धर्मप्रसार हा मिशनचा हेतू होता आणि तो कोणी लपवला नाही. रोग्यांपैकी ख्रिस्ती झालेले थोडे. बाकीचे उपदेश ऐकून घेत, औषध घेत आणि आपल्या देवाला नवस फेडायला जात. औषध मात्र सर्वांना सारखे मिळे, आणि एकाच ओसरीवर ब्राह्मण, मराठा, मुसलमान, महार, मांग ओळीने बसत. १८९० च्या दशकात ही गोष्ट लहान नव्हती.

अशा रुग्णालयात डॉक्टरच्या पत्नीवर जी कामे येत ती मेरीबाईंच्या वाट्याला आली. धुतलेल्या पट्ट्या आणि चादरींचा हिशेब, भांडारघर, शस्त्रक्रियेनंतर रोग्याजवळ बसणे, पाहुण्या मिशनऱ्यांचा राबता, देणगीदारांना पत्रे. सर्वांत अवघड काम बायकांच्या बाजूचे. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही न धजणाऱ्या बायका दुखणे सांगत ते दुसऱ्या बाईला. डॉक्टर आणि रोगी स्त्री यांच्यामध्ये विश्वासाची बाई नसेल तर निम्मा गाव रुग्णालयाच्या दाराबाहेरच राहतो, हा धडा मिरजेला पहिल्या वर्षांतच मिळाला. कोल्हापुरात पुढे स्त्रियांसाठी वेगळे रुग्णालय उभे राहिले त्यामागे हाच अनुभव होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. चीनच्या युन्नान भागातून हाँगकाँगला आलेला हा रोग जहाजांबरोबर जगभर फिरला. त्याचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगलाच शोधला होता. सर्वाधिक बळी मात्र हिंदुस्थानने दिले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मृतांचा आकडा कोटीच्या घरात गेला. मुंबईहून माणसे गावाकडे पळाली आणि धान्याची पोती, कापडाचे गठ्ठे, उंदीर आणि पिसवा रेल्वेने देशभर गेल्या. मिरज हे जंक्शन. रोगी आणणारी तीच गाडी आता साथ आणू लागली.

आधी उंदीर पडत. घराच्या वळचणीला, कणगीखाली मेलेले उंदीर दिसू लागले की जाणती माणसे समजत. मग कोणाला तरी थंडी वाजून ताप भरे, डोळे लाल होत, बोलणे अडखळे, आणि जांघेत किंवा काखेत गाठ येई. बहुतेक रोगी काही दिवसांत जात. गाठ फुटून वाहू लागली तर आशा असे. वानलेस यांच्यासारख्या निष्णात शल्यचिकित्सकालाही या रोगापुढे फारसे करता येत नसे: गाठ पिकली तर कापायची, ताप उतरवायला अंग पुसायचे, हृदयाला उत्तेजक औषध द्यायचे, पाणी पाजायचे. रोग पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले, पण वैद्यकाच्या जगाने ते मानायला आणखी काही वर्षे घेतली. तोवर घरे चुन्याने पांढरी करणे, छपराची कौले काढून ऊन आत सोडणे, फिनेल आणि कार्बोलिक शिंपडणे चालू होते.

ब्रिटिश मुलखात या उपायांबरोबर सक्ती आली. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यात गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती, बायकांची तपासणी, देवघरातील विटंबना, आणि २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. गोरा डॉक्टर आणि त्याच्या हातातली सुई यांविषयी लोकांच्या मनात संशय भरला तो या काळात. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, साहेब माणसे मारून त्यांचे तेल काढतो, अशा अफवा गावोगाव होत्या. याच साथीत पुण्याजवळ आपल्या मुलाच्या दवाखान्यात रोगी वाहून नेताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सक्तीच्या कारभारात आणि सेवेच्या कामात किती अंतर असते, ते त्या एका वर्षात महाराष्ट्राने पाहिले.

मिरज आणि कोल्हापूर ही संस्थाने असल्याने इथे पुण्यासारखी लष्करी झडती झाली नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला होता. १९०१ च्या शिरगणतीत कोल्हापूर शहराची वस्ती सुमारे ५४ हजार होती. दाट पेठा, धान्याची कोठारे, अंबाबाईच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू, सगळेच साथीला सोयीचे. महाराजांनी भर दिला तो गाव सोडण्यावर. लोकांनी घरे मोकळी करून माळावर झोपड्या घालाव्यात, त्यांना तिथे धान्य मिळावे, मागे घरांची राखण व्हावी, ही व्यवस्था लागली तरच माणूस घर सोडतो, हे त्यांनी ओळखले होते. बाहेरून येणाऱ्यांची हद्दीवर तपासणी होई. पिसवेचे शास्त्र तेव्हा कोणाला नीट माहीत नसले तरी माळावर जाणे हा उपाय बरोबर होता. उंदीर गावात राहत आणि माणूस त्यांच्यापासून दूर होई. कडक उन्हाळ्यात साथ ओसरे, पावसानंतर पुन्हा डोके वर काढी. पुढची कित्येक वर्षे पावसाळा संपला की झोपड्यांच्या काठ्या आणि बांबूंची जुळवाजुळव सुरू होणे हा या भागातल्या घरांचा परिपाठच झाला. मिशनच्या शाळांनाही या दिवसांत टाळे लागे. वसतिगृहातल्या मुलांची सोय उघड्यावर करावी लागे.

मिरजेच्या रुग्णालयाची कसोटी टोचणीत लागली. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली होती. मांसाच्या रसात जंतू वाढवायचे, ते तापवून मारायचे आणि तो द्रव टोचायचा. जंतू चांगले वाढावेत म्हणून रसावर तुपाचे थेंब सोडलेले असत. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीचे पांढरे सुळके खाली लोंबत. गोमांसाची शंका कोणाला येऊ नये म्हणून रस बकऱ्याच्या मांसाचा केलेला असे. टोचल्यावर दंड सुजे, एक-दोन दिवस सणसणून ताप येई. मजुरी करणाऱ्याला दोन दिवसांची मजुरी सोडणे परवडत नसे, आणि ताप आला की ‘यानेच प्लेग घातला’ ही ओरड ठरलेली. लसीचे संरक्षण पूर्ण नव्हते आणि ते काही महिनेच टिके. पण टोचून घेतलेल्यांत लागण आणि मृत्यू पुष्कळच कमी आहेत, हे याच रेल्वेमार्गावरच्या हुबळी-धारवाड भागात १८९८ मध्ये हजारोंच्या टोचणीनंतर दिसून आले होते.

वानलेस आणि त्यांचे मदतनीस टोचणीला बाहेर पडले तेव्हा त्यांच्यापाशी एक गोष्ट अशी होती जी सरकारी प्लेग अधिकाऱ्याकडे नव्हती. ज्या म्हाताऱ्याला त्यांनी दृष्टी दिली होती तो त्या गावात राहत होता. मिरजेची टोचणी माणसांनी गळी उतरवून घेतली ती अशा जुन्या रोग्यांच्या भरवशावर. हुकूम काढून टोचता आले असते कदाचित, पण दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी लोक पुन्हा दंड पुढे करत, ते हुकमाने होत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे एका दूषित बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि देशभर टोचणीला खीळ बसली. चौकशीत दोष हाफकिन यांच्यावर ढकलला गेला आणि तो खोटा ठरायला पाच वर्षे लागली. अशा वेळी टोचणीवरचा भरवसा टिकवणे कोणत्याही डॉक्टरला सोपे नव्हते.

दुसरी गोष्ट मदतनिसांची. १८९७ मध्ये, म्हणजे साथीच्या पहिल्याच वर्षी, वानलेस यांनी मिरजेत वैद्यकाचे वर्ग सुरू केले; हिंदुस्थानात मिशनने काढलेली ही पहिली वैद्यकशाळा मानली जाते. एकटा डॉक्टर एका मुलखाला पुरणार नाही, आणि अमेरिकेहून येणाऱ्या डॉक्टरांची वाट पाहत बसलो तर माणसे वाचणार नाहीत, हा त्यामागचा विचार. इथली भाषा बोलणारी, इथल्या चालीरीती जाणणारी मुले क्लोरोफॉर्म द्यायला, जखम बांधायला, औषध बनवायला शिकली. साथीच्या काळात घरोघर जाणारे पाय याच मुलांचे. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणत्याही फलकावर नाहीत. मिशनच्या इतिहासात परदेशी नावे ठळक छापली जातात आणि ही नावे गळतात, ही खंत इथे तरी नोंदवली पाहिजे.

मिरजेत प्लेगच्या काळाच्या आणखीही आठवणी आहेत. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना प्लेगने गाठले असता त्यांनी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, असे मिरजेत सांगतात. पुढे ते मिरजेचेच झाले आणि दर्ग्याच्या उरुसात आजही किराणा घराण्याचे गायक हजेरी लावतात. ज्या गावात एक माणूस दर्ग्यात गाणे घालत होता आणि दुसरा मिशनच्या ओसरीवर दंड उघडा करून बसला होता, त्या गावाने साथीचा सामना आपल्याकडे होते त्या सगळ्यानिशी केला.

घरात साथीचा रोगी पाहून आलेला माणूस आणि दाराशी त्याची वाट पाहणारे घर, ही त्या दिवसांची रोजची अवस्था. वानलेस यांच्या घराला ती चुकली नाही. कपडे बाहेर उतरवायचे, ते उकळत्या पाण्यात टाकायचे, हात कार्बोलिकने धुवायचे, आणि तरीही कोणाला कणकण आली की काळजाचा ठोका चुकायचा. डॉक्टर दौऱ्यावर असताना रुग्णालयाच्या दारी येणाऱ्यांना तोंड द्यायला घरातली बाई असे. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आले. उपाशी अंगावर रोग लवकर बसतो. साथीत आणि दुष्काळात पोरकी झालेली मुले मिशनच्या केंद्रांवर आली, त्यांच्या खाण्या-राहण्याची आणि शाळेची व्यवस्था करावी लागली. कुष्ठरोग्यांसाठी मिरजेत १९०० मध्ये जे काम सुरू झाले, ते पुढे रिचर्डसन लेप्रसी हॉस्पिटल म्हणून ओळखले गेले. साथ चालू असतानाच कुष्ठरोग्यांचे घर उभारायला घेणे यात मोठी हिंमत दिसते, कारण त्या वर्षांत पैसा, माणसे आणि मनाची उभारी, तिन्ही ताणलेली होती.

मेरीबाई १९०६ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाने स्मारक करायचे ठरले ते कोल्हापुरात, आणि तेही रुग्णालयाच्या रूपाने. कोल्हापूर हे मिशनचे पहिले घर, तिथे मिशनच्या शाळा होत्या, चर्च होते, पण मिशनचे स्वतःचे मोठे रुग्णालय नव्हते. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात संस्थानाने स्त्रियांच्या उपचाराकडे लक्ष दिले होते. तिथे १९०२ पासून डॉ. कृष्णाबाई केळवकर काम करीत होत्या, आणि शिकलेली मराठी स्त्री डॉक्टर हे दृश्य कोल्हापूरने इतर अनेक शहरांच्या आधी पाहिले. मेरी वानलेस हॉस्पिटलनेही बायका आणि मुले यांच्याकडेच प्रथम पाहिले. घरच्या अंधाऱ्या खोलीत, विळ्याने नाळ कापून होणारी बाळंतपणे आणि त्यातून होणारा धनुर्वात, हा शहराचा रोजचा छुपा रोग होता. प्लेगसारखी त्याची बातमी होत नसे, वर्षभरात माणसे मात्र पुष्कळ जात. बाळंतपणासाठी घराबाहेर जायचे ही कल्पना रुजायला वेळ लागला. अडलेली बाई शेवटच्या क्षणी गाडीतून आणायची, हा पहिला टप्पा. पहिलटकरीण आधीच नाव घालून जाते, हा पुढचा. कोल्हापुरातल्या कित्येक घरांत आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्यांचा जन्म ‘मेरी वानलेस’मधला निघेल.

१९०७ मध्ये डॉ. वानलेस यांचा लिलियन एमरी हेवन्स यांच्याशी विवाह झाला. पुढची एकवीस वर्षे मिरजेच्या कामात त्यांची साथ होती. १९१० मध्ये डॉ. चार्ल्स व्हेल मिरजेत आले आणि शस्त्रक्रियेचा भार वाटला गेला. शाहू महाराजांचे वानलेस आणि व्हेल या दोघांशीही स्नेहाचे संबंध होते.

१९१८ ची साथ प्लेगपेक्षा वेगळी होती. जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला तो सौम्य वाटला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली ती माणसे कापत गेली. लोक तिला मानमोडी म्हणत. जगभर कोट्यवधी लोक मेले आणि त्यांत हिंदुस्थानचा वाटा सर्वांत मोठा. १९२१ च्या शिरगणतीत हा आकडा सव्वा कोटीच्या आसपास धरला गेला, नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज त्याहून मोठे आहेत. मुंबई इलाखा सर्वांत जास्त भरडलेल्या प्रांतांपैकी. प्लेगमध्ये गाव सोडून माळावर जाता येत होते. इथे त्याचा उपयोग नव्हता, कारण रोग माणसाच्या श्वासातून जात होता. म्हातारी माणसे मागे राहिली आणि वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे गेली. बायकांचे मृत्यू अधिक झाले. घरातल्या आजाऱ्याची सेवा करणारी तीच, शेवटी जेवणारी तीच, आणि गर्भार असली तर तिला हा ताप सहसा सोडत नसे. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, ज्वारी महागली. नदीकाठी सरपण पुरेना.

या रोगावर औषध नव्हते. कफ पातळ करणे, ताप उतरवणे, क्विनीन, ॲस्पिरिन, बाम, असे सगळे करून पाहिले गेले. उपयोगी पडे ती शुश्रूषा: अंथरुणात पडून राहणे, पाणी, पेज, दूध, अंगावर कोरडे पांघरूण, न्यूमोनियाच्या दिवसांत कोणीतरी उशाशी जागे असणे. घरातले सगळे एकाच वेळी आडवे पडत तेव्हा पाण्याचा तांब्या देणारा माणूस असणे हाच जगण्या-मरण्यातला फरक होता. शिकाऊ परिचारिकांचे, वॉर्डातल्या मदतनीस बायकांचे, पेज शिजवणाऱ्या माणसांचे मोल अशा वेळी शस्त्रक्रियेच्या टेबलाहून कमी नसते. मेरीबाईंनी मिरजेत जे काम वीस वर्षांपूर्वी हाती घेतले होते, त्याच प्रकारच्या कामावर १९१८ मध्ये माणसे जगली किंवा गेली.

साथ ओसरल्यावर क्षयाचे रोगी नजरेत भरू लागले. १९२० मध्ये मिरज-सांगलीच्या दरम्यान मोकळ्या हवेच्या जागी क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उघडले. त्याभोवती वस्ती झाली तिचे नाव वानलेसवाडी. स्ट्रेप्टोमायसीन यायला अजून पाव शतक होते; विश्रांती, सकस अन्न, उघडी हवा आणि काही रोग्यांत फुप्फुस दाबून ठेवण्याची शस्त्रक्रिया, एवढेच हाती होते. क्षयाचा रोगी घरात लपवण्याची जी चाल होती, ती मोडायला अशा जागेने मदत केली.

वानलेस यांना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले आणि १९२८ मध्ये ‘सर’ ही पदवी दिली. त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणाने त्यांनी मिरज सोडले आणि रुग्णालयाची सूत्रे डॉ. व्हेल यांच्याकडे आली. १९३२ मध्ये वानलेस यांचे ‘ॲन अमेरिकन डॉक्टर ॲट वर्क इन इंडिया’ हे आठवणींचे पुस्तक निघाले. ३ मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे त्यांचा मृत्यू झाला. लिलियनबाईंनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. मेरीबाईंचे स्वतंत्र चरित्र कोणी लिहिले नाही.

स्वातंत्र्यानंतर या संस्था भारतीय ख्रिस्ती मंडळींच्या हाती आल्या. मिरजेच्या रुग्णालयाला वानलेस यांचे नाव मिळाले आणि १९६२ मध्ये मिरज मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण याच रुग्णालयाच्या वॉर्डांत सुरू झाले. हे महाविद्यालय पुढे शासकीय झाले. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रोगी सापडले तेव्हा त्यांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात आणण्यात आले, आणि सांगली जिल्ह्यातील कोरोना उपचारांचे ते मुख्य केंद्र ठरले.